यंत्राला प्रश्न विचारतांना

श्रोतेहो, वयाच्या साठीनंतर मनुष्यानें काय शिकावें याविषयीं आपल्या समाजांत कांहीं ठराविक कल्पना आहेत. कोणी ज्ञानेश्वरी घेऊन बसतो, कोणी पेटी शिकतो, कोणी पहाटे उठून टेकडी चढावयास लागतो. मीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. मी संगणकांतील कोष्टकांना प्रश्न विचारावयास शिकलों. शिक्षण विचाराल तर मी मॅट्रिक, आणि त्यावर अध्यापनाची पदविका. सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत बेरजा-वजाबाक्या आणि शुद्धलेखन शिकविण्यांत गेलें. तेव्हां आजच्या विषयावर अधिकारवाणीनें बोलण्याचा आव मी आणणार नाहीं. एका विद्यार्थ्यानें दुसऱ्याला आपली वही दाखवावी, आणि तींत जेथें चुकलें असेल तेंही न झांकतां दाखवावें, इतकाच माझा हेतु आहे.

प्रसंग असा झाला. मी निवृत्त झाल्यावर आमच्या गांवच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर माझी निवड झाली. वाचनालयांत तीन मोठ्या वह्या पुष्कळ वर्षांपासून चालत आलेल्या होत्या. पहिली दाखल-नोंदवही. पुस्तक विकत येवो वा देणगीदाखल येवो, त्याला पुढचा क्रमांक द्यावयाचा आणि तें या वहींत चढवावयाचें. दुसरी सभासदांची वही. तींत नांव, पत्ता, वर्गणी आणि अनामत. तिसरी देवघेवीची वही. कोणत्या सभासदानें कोणतें पुस्तक कोणत्या दिवशीं नेलें आणि केव्हां परत केलें, याची ती नोंद. एका सद्गृहस्थानीं आपला जुना संगणक वाचनालयाला भेट दिला, आणि या वह्या त्यावर चढवाव्या असा मंडळानें ठराव केला. ठराव एकमतानें संमत झाला. काम कोणीं करावयाचें हा प्रश्न निघतांच सर्वांनीं तितक्याच एकमतानें माझ्याकडे पाहिलें.

मीं पहिल्यानें एकच लांबलचक तक्ता आखला. प्रत्येक ओळींत सभासदाचें नांव, त्याचा पत्ता, दूरध्वनि, पुस्तकाचें नांव, लेखक, नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख. सर्व कांहीं एका दृष्टिक्षेपांत दिसावें, ही त्यामागची कल्पना. महिन्याभरांतच तिचें फळ मिळालें. एका सभासदानें घर बदललें. त्यानें आजवर चाळीस पुस्तकें नेलीं असल्यामुळें त्याचा पत्ता चाळीस ओळींत लिहिलेला होता. मीं तो बदलावयास बसलों, आणि अडतीस ठिकाणीं बदलून दोन ठिकाणीं विसरलों. आतां तो गृहस्थ एकाच वेळीं दोन घरांत राहूं लागला! ज्यांनीं अद्याप एकही पुस्तक नेलें नव्हतें अशा सभासदांना तर या तक्त्यांत जागाच नव्हती. कारण ओळ सुरू होई तीच मुळीं पुस्तक नेल्यावर. ही दुसरी उणीव त्या वेळीं मला दिसली, पण तिचें मर्म कळलें नाहीं. तें पुढें फार महागांत कळलें.

गौरीगणपतीला माझी एक जुनी विद्यार्थिनी माहेरीं आली होती. ती पुण्यास संगणकाच्याच व्यवसायांत आहे. तिला मीं माझा तक्ता मोठ्या अभिमानानें दाखविला. तिनें तो पाहिला आणि विचारलें, “गुरुजी, एकच गोष्ट तुम्हीं चाळीस ठिकाणीं लिहिली आहे. उद्यां दोन ठिकाणीं निराळी दिसली, तर त्यांतली खरी कोणती मानायची?” मला उत्तर देतां आलें नाहीं. मग ती म्हणाली, “तुमच्या जुन्या वह्या कशा होत्या? तीन होत्या ना? तीनच ठेवा.”

श्रोतेहो, या शास्त्राचा पहिला धडा तो हाच. सभासदाविषयींची गोष्ट सभासदांच्या कोष्टकांत, पुस्तकाविषयींची पुस्तकांच्या कोष्टकांत, आणि देवघेवीच्या कोष्टकांत नुसते क्रमांक व तारखा: इतक्या क्रमांकाच्या सभासदानें इतक्या क्रमांकाचें पुस्तक अमुक दिवशीं नेलें, अमुक दिवशीं आणलें. पत्ता एकाच जागीं असल्यामुळें तो एकदांच बदलावा लागतो, आणि चुकला तरी एकदांच चुकतो. आमच्या जुन्या ग्रंथपालांनीं संगणकाचें नांवही न ऐकतां वह्यांची अशीच व्यवस्था लावली होती, आणि मी सुधारणा करावयास निघालों तो ती बिघडवून बसलों होतों.

या व्यवस्थेला गणिताचा पाया घालून देणारा पुरुष म्हणजे एडगर फ्रँक कॉड. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या पोर्टलंड बेटावर १९२३ सालीं यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धांत ते वैमानिक होते. ऑक्सफर्डला त्यांनीं गणिताचें शिक्षण घेतलें, आणि पुढें अमेरिकेंत आय. बी. एम. या कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत ते काम करीत होते. तोंपर्यंत मोठ्या संगणकांतील माहिती झाडाच्या फांद्यांप्रमाणें किंवा सांखळीच्या कड्यांप्रमाणें गुंफलेली असे. एखादी गोष्ट हवी असेल तर कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर जावयाचें, ही वाट प्रश्न विचारणाऱ्यालाच ठाऊक असावी लागे. आणि रचना बदलली कीं सर्व वाटा पुन्हां शोधाव्या लागत. १९७० च्या जून महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत कॉड यांनीं असें मांडलें कीं, सारी माहिती साध्या कोष्टकांच्या रूपानें ठेवावी, आणि विचारणारानें आपल्याला काय हवें तेवढेंच सांगावें. तें कोणत्या वाटेनें आणावयाचें ही चिंता यंत्रानें करावी. अशा माहितीसंग्रहाला इंग्रजींत रिलेशनल डेटाबेस म्हणतात. कोष्टकांचे एकमेकांशीं नातें असतें म्हणून हें नांव पडलें, असें पुष्कळांना वाटतें, मलाही वाटे. वास्तविक गणितांत अशा एका कोष्टकालाच रिलेशन म्हणतात. १९८१ सालीं कॉड यांना संगणकशास्त्रांतील सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. २००३ सालीं ते निवर्तले.

कॉड यांनीं तत्त्व सांगितलें, परंतु त्यांची भाषा गणिताची होती. सामान्य मनुष्याला बोलतां येईल अशी प्रश्नांची भाषा त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनीं १९७४ सालीं मांडली. बॉइस त्याच वर्षीं ऐन तारुण्यांत मरण पावले. भाषेचें नांव प्रथम ‘सीक्वेल’ होतें. तें दुसऱ्या एका व्यापारी संस्थेचें नोंदलेलें नांव असल्यामुळें सोडावें लागलें, आणि ‘एस. क्यू. एल.’ हीं तीन अक्षरें उरलीं. १९८६ सालीं अमेरिकेंत या भाषेला प्रमाण रूप देण्यांत आलें. मीं वाचनालयासाठीं जें साधन घेतलें तें एसक्यूलाइट नांवाचें आहे. रिचर्ड हिप यांनीं २००० सालीं तें प्रथम प्रसिद्ध केलें आणि सर्वांना विनामूल्य मोकळें करून दिलें. तुमच्या खिशांतील मोबाइलमध्येंही तें निमूटपणें काम करीत असतें.

आतां प्रश्न कसा विचारावयाचा तें पाहूं. मुख्य शब्द तीन: सिलेक्ट, फ्रॉम आणि व्हेअर. म्हणजे निवडा, कोठून, आणि कोणत्या अटीवर. ‘निवडा नांव, सभासदांच्या कोष्टकांतून, जेथें पेठ शनिवार आहे’ असें म्हटलें कीं शनिवार पेठेंतील सभासदांचीं नांवें समोर येतात. येथें मला प्रथम अडखळल्यासारखें झालें, कारण वाक्य लिहावयाचें एका क्रमानें आणि त्याचा अर्थ लागतो दुसऱ्या क्रमानें. आधीं कोष्टक घ्यावयाचें, मग अट लावून ओळी गाळावयाच्या, आणि शेवटीं हवे ते रकाने उचलावयाचे. लिहितांना मात्र शेवटचें कृत्य पहिल्यानें लिहावें लागतें. पुढें माझ्या लक्षांत आलें कीं, आपण शाळेंत संस्कृत श्लोकाचा अन्वय लावीत होतों तो असाच. श्लोकांत पद कोठेंही असो, अन्वयांत तें आपल्या जागीं बसतें. प्रश्न लिहून झाला कीं मी आजही त्याचा मनांत अन्वय लावून पाहतों.

यंत्र शब्दशः ऐकतें. हा त्याचा गुणही आहे आणि दोषही. एकदां चिटणीसांनीं सांगितलें, “सोमवार आणि मंगळवार पेठेंतले सभासद काढा.” मीं तसेंच लिहिलें: पेठ सोमवार आहे आणि पेठ मंगळवार आहे. उत्तर आलें, एकही नाहीं. यंत्राचें म्हणणें बरोबर होतें. एकाच वेळीं दोन पेठांत राहणारा सभासद आतां आमच्या वहींत उरला नव्हता. बोलतांना आपण ‘आणि’ म्हणतों, आपल्या मनांत मात्र ‘किंवा’ असतें. आणि ऐकणारा माणूस असल्यामुळें तो तें समजून घेतो. आपली भाषा किती सैल असते आणि दुसऱ्याच्या समजुतीवर ती किती भार टाकते, हें मला साठीनंतर एका यंत्रानें शिकविलें.

मराठींत काम करणाराला आणखी कांहीं खांचखळगे भेटतात. वर्गणीचे आंकडे मीं हौसेनें देवनागरींत चढविले, आणि बेरीज विचारली तों ती शून्य! यंत्राच्या दृष्टीनें तीं नुसतीं अक्षरें होतीं, संख्या नव्हेत. सारा रकाना इंग्रजी आंकड्यांनीं पुन्हां भरावा लागला. दुसरा घोटाळा नांवांचा. कऱ्हाडे या आडनांवांतील अर्धा ‘र’ टंकण्याच्या दोन निरनिराळ्या रीति आहेत. पडद्यावर दोन्ही अक्षरें डोळ्यांना सारखींच दिसतात, पण यंत्राच्या पोटांत त्यांच्या खुणा भिन्न असतात. त्यामुळें एका कऱ्हाड्यांना विचारलें तर दुसरे कऱ्हाडे हजर होत नाहींत. याच कारणासाठीं, आणि एका नांवाचीं दोन माणसें असूं शकतात म्हणूनही, माणसाला नांवानें न ओळखतां क्रमांकानें ओळखावें लागतें. पुस्तकाला दाखल-क्रमांक असतो तो याचसाठीं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असल्या तर क्रमांक दोन. क्रमांक रद्द झाला तरी तो दुसऱ्या पुस्तकाला द्यावयाचा नाहीं. या ओळख-क्रमांकाला शास्त्रांत किल्ली म्हणतात.

या किल्ल्यांच्या साहाय्यानें निरनिराळीं कोष्टकें जोडतां येतात, आणि या विद्येचें खरें सामर्थ्य येथें आहे. देवघेवीच्या ओळींत सभासद-क्रमांक आहे; तो सभासदांच्या कोष्टकांतील क्रमांकाशीं जुळवावा, म्हणजे नांव मिळतें; दाखल-क्रमांक पुस्तकांच्या कोष्टकाशीं जुळवावा, म्हणजे पुस्तक मिळतें. या जुळणीला जॉइन म्हणतात. तीन वह्या पुढ्यांत घेऊन बोटें ठेवीत जें काम आम्ही दुपारभर करीत असूं, तें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतें. हें सामर्थ्य हातांत आलें तेव्हां मला एक प्रकारची धुंदी चढली होती, हें कबूल केलें पाहिजे. आणि याच सुमारास ती गोष्ट घडली, जी सांगण्यासाठीं मी मुख्यतः आज येथें आलों आहें.

मंडळानें ठरविलें कीं, गेल्या दोन वर्षांत ज्या सभासदांनीं वाचनालयाचा उपयोग केला नाहीं त्यांना पत्र पाठवावें, आणि त्यांची इच्छा असल्यास अनामत परत करावी. यादी काढण्याचें काम अर्थातच माझें. मीं सभासद आणि देवघेव हीं दोन कोष्टकें जोडलीं, आणि तारीख दोन वर्षांपूर्वींची असावी अशी अट घातली. यादींत पहिलेंच नांव आमच्या चिटणीसांचें! ते तर रोज संध्याकाळीं पुस्तक बदलतात. विचार करतां चूक कळली: ते आज येतात, तसे दोन वर्षांपूर्वींही येत होते, म्हणून ती जुनी ओळ अटींत बसली. मग मीं प्रत्येक सभासदाच्या ओळींचा गट करून त्यांतली शेवटची तारीख काढली, आणि ती शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वींची असली तरच नांव घ्यावें असें सांगितलें. आतां एक्केचाळीस नांवें आलीं. यादी सभेंत वाचून दाखविली; नांवें सर्वांना पटलीं; पत्रें गेलीं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनीं एक बाई वाचनालयांत आल्या. चार घरीं पोळ्या करून त्या संसार चालवितात. “गुरुजी,” त्या म्हणाल्या, “माझ्या मुलाचे पांचशें रुपये अनामत आहेत. लोकांना परत मिळतायत असं ऐकलं. आमचे मिळतील का?” मीं यादी काढली, मुलाचें नांव शोधलें आणि सांगितलें, “ताई, यादींत नांव नाहीं.” “बरं, नसेल मग,” असें म्हणून त्या गेल्या. महिनाअखेर होती. मीं यादी मिटून खणांत ठेवली आणि वर्तमानपत्र वाचावयास घेतलें.

दोन महिन्यांनीं हिशेबतपासनीस आले. त्यांनीं अनामतीची फोड मागितली: चालू सभासदांची किती, बंद पडलेल्यांची किती. सभासद एकूण तीनशें बारा. दोन वर्षांत पुस्तक नेलेले दोनशें चौदा; न नेलेले, म्हणजे माझ्या यादींतले, एक्केचाळीस. बेरीज दोनशें पंचावन्न. श्रोतेहो, सत्तावन्न माणसें कोठें गेलीं? आयुष्यभर मीं मुलांना उत्तराखालीं ताळा करून पाहावयास शिकविलें, आणि स्वतःच्या उत्तराचा ताळा मात्र दुसऱ्या कोणी घ्यावा लागला.

तीं सत्तावन्न माणसें अशीं होतीं, कीं ज्यांनीं कधीं एकही पुस्तक घरीं नेलें नव्हतें. आमच्या वाचनालयाला एक अभ्यासिका आहे. स्पर्धा-परीक्षांना बसणारीं मुलें अनामत भरून सभासद होतात, दिवस-दिवस तेथें बसून वाचतात, पण पुस्तक नेत नाहींत. देवघेवीच्या कोष्टकांत त्यांची ओळच नव्हती. आणि साधी जुळणी ज्यांची ओळ दोन्हीकडे आहे त्यांनाच घेते. ज्याचा जोडीदार दुसऱ्या कोष्टकांत नाहीं तो निमूटपणें गळतो. यंत्र तक्रार करीत नाहीं, सूचना देत नाहीं. कारण त्याच्या मतें चूक झालेलीच नसते. माझ्या पहिल्या लांबलचक तक्त्यांत जी उणीव होती, तीच मीं कोष्टकें वेगळीं करून पुन्हां माझ्या प्रश्नांत आणली होती.

आतां चूक सुधारावयास बसलों. प्रथम असें विचारलें कीं, ज्यांचे क्रमांक देवघेवीच्या कोष्टकांत नाहींत असे सभासद द्या. उत्तर आलें, एकही नाहीं! मी चक्रावलों. रात्रीं विद्यार्थिनीला दूरध्वनि केला. ती म्हणाली, “गुरुजी, देवघेवींत एखाद्या ओळींत सभासद-क्रमांक कोरा आहे का पाहा.” खरोखरच होता. जुन्या वहींत एका ठिकाणीं शाई सांडल्यामुळें क्रमांक वाचतां येईना, म्हणून मीं ती जागा कोरी सोडली होती. या कोऱ्या जागेला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे; नल म्हणजे ‘ठाऊक नाहीं’. यंत्राचा तर्क असा: या सभासदाचा क्रमांक त्या यादींत नाहीं असें मी कसें म्हणूं? जो एक क्रमांक मला ठाऊक नाहीं, तो कदाचित् याचाच असेल. म्हणून तें एकाही सभासदाविषयीं ‘नाहीं’ असें छातीठोकपणें सांगेना. विचार केला तर हा तर्क मोठा प्रामाणिक आहे. मीं त्या बाईंना ‘नाहीं’ म्हणतांना इतकाही विचार केला नव्हता.

खरा उपाय निराळा होता. त्याला लेफ्ट जॉइन म्हणतात. त्यांत डावीकडचें कोष्टक संपूर्ण राखावयाचें. उजवीकडे जोडीदार सांपडला तर त्याची माहिती शेजारीं मांडावयाची, आणि न सांपडला तर ती जागा कोरी ठेवावयाची. मग जेथें उजवी बाजू कोरी आहे अशा ओळी निवडल्या, कीं न आलेले सर्व हातीं लागतात. येथें मात्र ‘कोऱ्याच्या बरोबर’ असें विचारून चालत नाहीं, कारण जें ठाऊक नाहीं तें कशाच्याही बरोबर ठरत नाहीं. ‘कोरें आहे’ असेंच विचारावें लागतें. हें समजल्यावर मला हंसावें कीं रडावें कळेना. कारण हें तर मी रोज सकाळीं शाळेंत करीत होतों! वर्गाकडे नुसतें पाहून गैरहजर कोण तें कधींच कळत नाहीं. डोळ्यांना दिसतात तीं आलेलीं मुलें. गैरहजर मूल कळतें तें पटावरून. पट हातांत धरून एकेक नांव पुकारावें आणि जेथें उत्तर येत नाहीं तेथें खूण करावी. लेफ्ट जॉइन म्हणजे पटावरून घेतलेली हजेरी. मीं मात्र वर्गांतल्या मुलांकडे पाहून यादी केली होती.

या वेळीं सत्तावन्न नांवें आलीं, आणि बेरीज तीनशें बारा जुळली. तरीही काम संपलें नव्हतें. या सत्तावन्नांपैकीं बावीस मुलें रोज अभ्यासिकेंत येतच होतीं. त्यांना पत्र पाठविणें चुकीचें झालें असतें. तें यंत्राला कळणें शक्य नव्हतें, कारण अभ्यासिकेची हजेरी आम्हीं त्यांत चढविलीच नव्हती. ती दारांतल्या वहींत होती. वही पाहून बावीस वगळलीं. उरलेल्या पस्तीस जणांत त्या बाईंच्या मुलाचें नांव होतें. तो दोन वर्षें अभ्यास करून, मग नाद सोडून, पुण्यास एका दुकानांत नोकरीला लागला होता.

मी पांचशें रुपये आणि पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं पत्र्याच्या डब्यांतून पावती काढून माझ्यापुढें ठेवली. वाचनालयाचा शिक्का आणि सही सर्व कांहीं तींत ठीक होतें. मीं विचारलें, “ताई, ही पावती त्या दिवशीं कां नाहीं दाखविली?” त्या म्हणाल्या, “तुम्ही मास्तर. तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे नसेलच असं वाटलं.” मीं क्षमा मागितली. त्यांनीं चहा केला.

त्या दिवसापासून मी कोष्टकांना नियम घालून द्यावयास शिकलों. प्रश्न विचारणें ही या विद्येची पहिली पायरी. नियम बांधून देणें ही दुसरी. जो सभासद अस्तित्वांत नाहीं त्याच्या नांवावर पुस्तक चढूं नये. देवघेवींत सभासद-क्रमांक कोरा राहूं नये. एका दाखल-क्रमांकाची, परत-तारीख कोरी असलेली नोंद एका वेळीं एकच असावी, म्हणजे एकच प्रत दोघांना दिली जाणार नाहीं. हे नियम पूर्वीं ग्रंथपालांच्या डोक्यांत असत आणि त्यांच्याबरोबर निवृत्त होत. आतां ते कोष्टकांतच राहतात, आणि नियमबाह्य नोंद यंत्र स्वीकारीतच नाहीं. मात्र एसक्यूलाइटमध्यें यांतला पहिला नियम पाळला जावा अशी आज्ञा दर वेळीं आठवणीनें द्यावी लागते. ती न दिल्यास नियम लिहिलेला राहतो आणि पाळला जात नाहीं. असे नियम माणसांच्या संस्थांतही पुष्कळ असतात.

तसेंच, दोन नोंदी ज्या बरोबरच झाल्या पाहिजेत त्या एका व्यवहारांत बांधाव्या. अनामत परत केली म्हणजे रोखवहींत खर्च पडला पाहिजे आणि सभासदाच्या नांवची अनामत शून्य झाली पाहिजे. पहिली नोंद झाली आणि वीज गेली, तर हिशेब अर्धवट राहील. व्यवहार बांधला असेल तर दोन्ही नोंदी होतात, नाहीं तर एकही होत नाहीं. याचा मला स्वतःला एकदां मोठा उपयोग झाला. एका सभासदाचा पत्ता बदलतांना मीं अट लिहावयास विसरलों, आणि तीनशें बारा सभासद एकाच घरांत राहावयास गेले! सुदैवानें व्यवहार पक्का करण्याची आज्ञा अद्याप दिली नव्हती. ‘रोलबॅक’ हा एक शब्द लिहिला, आणि सर्व मंडळी आपापल्या घरीं परतली.

श्रोतेहो, तुमच्यापैकीं कोणाला ही विद्या शिकावीशी वाटली तर मोठ्या ग्रंथापासून आरंभ करूं नका. घरांतली एखादी वही घ्या: दुधाचा हिशेब, पुस्तकांची यादी, सोसायटीची वर्गणी. तिचीं दोन-तीन कोष्टकें पाडा, आणि त्यांना रोज एक प्रश्न विचारा. मुलांना उदाहरण सोडवितांना मी सांगत असें कीं, दिलेलें काय आणि काढावयाचें काय, हें आधीं मराठींत लिहा, मग आंकड्यांना हात लावा. येथेंही तेंच करावें. प्रश्न प्रथम मराठींत, पूर्ण वाक्यांत लिहून पाहावा. तें वाक्य नीट बांधलें गेलें नाहीं, तर आपल्याला काय हवें आहे हें आपल्यालाच ठाऊक नाहीं असें समजावें.

आणि उत्तर आलें म्हणजे त्याचा ताळा करावा. आमच्या वाचनालयांतून आतां कोणतीही यादी निघाली तर तिच्या खालीं मी तीन आंकडे हातानें लिहितों: पटावर एकूण किती, यादींत किती, यादीबाहेर किती. हे आंकडे जुळल्यावांचून यादीवर सही होत नाहीं. आणि खिडकीशीं कोणी येऊन विचारलें, आणि त्याचें नांव यादींत सांपडलें नाहीं, तर ‘नाहीं’ म्हणण्याआधीं मी त्याला विचारतों, “आपल्याजवळ पावती आहे का?”